भेंडीची क्रांती झाली, माणसाचं काय?

परभणीच्या कृषी विद्यापीठानं एक भेंडी काढली. पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद न देणारी म्हणून ती गाजली. नाव काय, तर ‘परभणी क्रांती’! वा रे वा. भेंडीची क्रांती झाली. पिकावर फवारा मारणाऱ्या माणसाची कधी होणार?

माझा बाप दुसऱ्याच्या कापसात रोजानं फवारायचा. पाठीवर पंप, अंगात फाटकं बनियन, तोंडाला मायच्या लुगड्याची चिंधी. पंप गळायचा. औषध पाठीवरून कमरेत उतरायचं. औषध! विषाला औषध म्हणायला आम्हाला कुणी शिकवलं? एका रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात पहिला सवाल : दारू किती पेलास? बाप थेंबाला शिवत नव्हता. कागदावर ‘चक्कर, अशक्तपणा’ लिहिलं, गोळ्या दिल्या, वाटेला लावलं. रक्त कुणी तपासलंच नाही. तो जगला. पण त्याच्या अंगात काय उरलं, ते कुठल्याच वहीत नाही.

आता कायदा ऐका. 1971च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय : फवारणीच्या कामावरच्या माणसाची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं विष हाताळत असेल तर रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजलं पाहिजे. हे विष कोलिनेस्टरेजलाच जखडतं, म्हणून त्याचा आकडा उतरला की विष चढलं हे कळतं. पन्नास वर्षं उलटली. ही तपासणी झालेला एकही रोजंदार मला आजवर भेटला नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. मग शहाणे म्हणाले, मास्क का नाही घातला? अरे, रोजंदाराला मास्क द्यायचा कुणी? त्याच्या मेलेल्या आज्यानं?

आपल्यातलेच काही दोस्त म्हणतात, संशोधन-बिंशोधन ही पंख्याखालच्या लोकांची चैन. आपण मोर्चा काढू, भरपाई मागू. काढू ना! पण मोर्चा कचेरीवर पोचला की साहेब विचारतो, पुरावा? दोस्तहो, पुरावा आपल्या रक्तात आहे. तो बाहेर काढायला प्रयोगशाळा लागते, वर्षानुवर्षं वही ठेवणारी माणसं लागतात, आणि त्यांना पगार लागतो.

केरळात कासारगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान मारायचे. 2001 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथल्या पाड्रे गावची पोरं तपासली, न फवारलेल्या भागातल्या पोरांशी ताडून पाहिली. लढणाऱ्यांच्या हाती आकडे आले. 2011ला सुप्रीम कोर्टानं एंडोसल्फान थांबवलं. आकडा हेही हत्यार आहे.

भोपाळचा धडा उलटा. 1984ला गॅस सुटला. आयसीएमआरनं आपला अभ्यास 1994ला गुंडाळला. पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिथं उभी राहिली ती 2010 साली. मधली सोळा वर्षं लोकांची फुप्फुसं काय थांबून राहिली होती?

म्हणून मागणी साफ आहे. परभणीत 1972पासून कृषी विद्यापीठ आहे, 2023पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. एक विषाची शिफारस जाणतं, दुसरं माणसाचं शरीर. दोघांनी मिळून विषबाधेचं संशोधन केंद्र चालवावं. पैसा सरकारी बजेटात दरसाल पक्का हवा. औषध कंपनीचं दान नको; चोरानंच पंचनामा लिहायचा काय? समितीवर पंप वाहिलेले मजूर बसतील. आणि ज्याचं रक्त घ्याल, त्याचा आकडा त्याला त्याच्या बोलीत सांगाल. आम्ही तुमच्या पिंजऱ्यातले उंदीर नाही.

बोंडअळी किती मेल्या ते मोजता. मारणाऱ्याच्या अंगात किती विष गेलं, तेही मोजा. माझा बाप कुठल्याच वहीत नाही. त्याच्यामागून पंप उचललेली पोरं तरी वहीत आली पाहिजेत, मरायच्या आधी.