परसबाग : मार्गशीर्षांतील कामें

कार्तिकांत वाफ्यावर कोबीचें बीं टाकिलें. आठवड्यांत रोपें हिरवींगार वर आलीं. पंधराव्या दिवशीं पाहावें तों बुंध्याशीं काळवंडून आडवीं पडलेलीं. कीड कोठेंच आढळेना. चौकशीअंतीं उलगडा झाला : सकाळीं मामंजी पाणी घालीत, दुपारीं जाऊबाई, आणि सायंकाळीं शाळेंतून येतांच मुलें! माया सर्वांचीच खरी; परंतु थंडींत ओल लवकर सुकत नाहीं, आणि सदा ओल्या मातींत बुरशी बळावून कोवळें खोड कुजविते.

कोबीचा हंगाम आतां सरत आला. त्याचा हट्ट सोडावा. दुसऱ्या जागीं वीतभर उंच वाफा करून मेथी विरळ पेरावी. ती महिन्याभरांत काढणीस येते. धणे रगडून दोन फांकी करूनच पेरावे. पाणी सकाळीं, तेंही वरची माती सुकली असेल तरच द्यावें. वालाच्या शेंड्यांवर मावा दिसतांच तो साबणाच्या सौम्य पाण्यानें धुवावा.

आमची झारी आतां सासूबाईंच्या स्वाधीन आहे. ज्यास पाणी घालण्याची हौस येईल, त्यानें प्रथम मातींत बोट घालून पाहावें आणि मग त्यांजकडे झारी मागावी, असा घरांत ठराव झाला आहे.