लस आपली, अन्न परक्याचे

जगाला लशी पुरविणारा देश म्हणून आपण अभिमान बाळगतो आणि तो अस्थानी नाही. परंतु १६ एप्रिल २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे अदर पूनावाला यांना, कच्च्या मालावरील निर्यातबंदी उठवा, अशी जाहीर विनंती अमेरिकेच्या अध्यक्षांना करावी लागली, हे आपण किती लवकर विसरलो! देशात चिता पेटत होत्या आणि आपण परक्याच्या दारात उभे होतो.

अडलेल्या मालात पिशव्या आणि गाळण्या होत्या, तसे पेशी वाढविण्याचे माध्यमही होते. हे माध्यम म्हणजे प्राण्यांच्या पेशींचे अन्न. अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, क्षार आणि ग्लुकोज यांची भुकटी. प्रचलित माध्यमाची सुमारे तेरा ग्रॅम भुकटी लिटरभर शुद्ध पाण्यात विरघळवायची, सोडा (होय, स्वयंपाकघरातलाच, फक्त अधिक शुद्ध) घालायचा आणि सूक्ष्म गाळणीतून गाळायचे. उष्णतेने ग्लुटामिन नासते, म्हणून उकळायचे नाही. यात गुपित कोणते? हॅरी ईगल यांनी आपली कृती १९५९ सालीच छापून जगापुढे ठेवली.

खरी कसोटी आहे ती सातत्याची. काही घटक लिटरमागे मिलिग्रॅमभरही नसतात. तरी ते भुकटीच्या प्रत्येक चिमटीत सारखेच उतरले पाहिजेत आणि आजची खेप कालच्या खेपेसारखीच हवी. काम कष्टाचे आहे, अशक्य मुळीच नाही. मुंबईची हायमीडिया हेच काम करते. तरीही आपल्या कित्येक प्रयोगशाळा परदेशी छापाच्या तयार द्रवाच्या बाटल्या मागवितात. त्या बाटलीत बहुतांश असते पाणी! सप्तसिंधूंच्या देशाने सागरापारचे पाणी विकत घ्यावे?

आणखी एक गोष्ट वाचकांना ठाऊक असावी. या भुकटीच्या द्रावणात आजही बहुधा कत्तल झालेल्या गाभण गाईच्या गर्भातील रक्तद्रव मिसळला जातो. त्याविना चालणारी माध्यमे निघाली आहेत. पण त्यांपैकी अनेकांच्या कृती मात्र परदेशी कंपन्यांनी कडीकुलपात ठेवल्या आहेत. ईगल यांची कृती फुकट मिळाली, या साऱ्या तशा मिळणार नाहीत. गोरक्षणाच्या सभा गाजविणाऱ्यांनी आणि विज्ञानाला निधी देणाऱ्या शासनाने एकच प्रश्न स्वतःला विचारावा: रक्तद्रवाविना चालणाऱ्या स्वदेशी माध्यमाच्या संशोधनासाठी आपण आजवर काय केले?