नेट बंद केलं की झालं?

7 जून 2023 आठवतोय? काही जणांच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापूर बंदची हाक, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर... आणि मग इंटरनेट बंद. स्टेटस मोजक्या मोबाइलवर, नेट मात्र सगळ्यांचं गेलं. अफवा थांबवायला ते गरजेचं होतं, असं म्हणणारे भेटतात. असेलही. पण ऑनलाइन सुरक्षा म्हटलं की सरकारच्या हाताला हेच एक बटण सापडतं, हे खटकतं.

आता दुसरी बाजू बघा. उद्या कॉलेजातल्या एखाद्या मुलीचा फोटो मॉर्फ करून कुणी फेक अकाउंट काढलं, तर तिनं जायचं कुठं? ‘भावा, सगळे मिळून रिपोर्ट मारूया’ हा आपला कायदा! कागदावर तसं बरंच आहे. तक्रार आल्यावर असा फोटो ठरावीक तासांत काढायचं बंधन 2021 च्या नियमांनी कंपन्यांवर घातलं. कंपनीनं दाद दिली नाही तर 2023 पासून केंद्राच्या तक्रार अपील समित्या आहेत. पैसे गेले तर 1930, गुन्हा असेल तर सायबर पोलीस. पण अपील समिती हे नाव तरी तुमच्या वर्गात किती जणांनी ऐकलंय? घाबरलेल्या मुलीला घरच्यांपासून लपवत ही सगळी दारं स्वतःच शोधावी लागतात.

ऑस्ट्रेलियात 2015 पासून यासाठी वेगळं ई-सेफ्टी कमिशनर कार्यालय आहे. ते थेट कंपनीला नोटीस काढून फोटो हटवायला लावतं, नाही ऐकलं तर दंड मागतं. (सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाच बंद, हा त्यांचा नवा कायदा मात्र मला पटत नाही.) ब्रिटननं 2023 च्या कायद्यानं ऑनलाइन सुरक्षेसाठी कंपन्यांवर देखरेखीचं काम ऑफकॉमकडं दिलं.

आपल्याकडंही असं एक कार्यालय हवं. फक्त ते मंत्रालयाच्या खिशात नको. सरकारबद्दलची कुठली पोस्ट खोटी, हे सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार होतं. कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई हायकोर्टानं (ज्याचं सर्किट बेंच आता आपल्या गावात आहे) सप्टेंबर 2024 मध्ये तो नियम रद्द केला. नाहीतर आपली मीम पेजेस पहिली गेली असती.

आणि त्या कार्यालयात फोन उचलणारा माणूस मराठीत बोलणारा हवा. ‘माझा फोटो कुणीतरी टाकलाय’ हे इंग्रजी फॉर्मच्या चौकटीत बसवायला लावू नका.