कुंपणच शेत खाते तेव्हा



मावळचा पाऊस लोणावळ्याला धबधबे पाहायला येणाऱ्यांना कळायचा नाही. तो विचारावा गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी करणाऱ्या आमच्या मायबहिणींना. गेल्या आषाढात कामशेतच्या पुढे एका वस्तीवर महिला मंडळाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. बैठक संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला बाजूला घेतले.

"ताई, आमच्या सुनंला जरा समजावून सांगा. सकाळच्या पारी हिची मूठ मिटत न्हाई, भाकरी थापता येत न्हाई. अन् दुपार झाली की हात बरे व्हत्यात. लावणीच्या वक्ताला बरोबर दुखणं येतं. ह्ये ढोंग न्हाई तर काय?"

सून दाराशी उभी होती. वय पस्तिशीच्या आत. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेले. ती एक शब्द बोलली नाही.

आम्ही त्या सासूबाईंना दोष देत नाही. जन्मभर राबलेल्या बाईला दुसरीचे न दिसणारे दुखणे आळस वाटते. पण गंमत पाहा, ज्या गोष्टीला त्या ढोंगाचा पुरावा म्हणत होत्या, तीच या आजाराची खूण आहे! कामाने झिजलेला सांधा कामाबरोबर अधिक दुखतो आणि विश्रांतीने थांबतो. या आजारात उलटे होते. रात्रभर विश्रांती घेतल्यावर पहाटे हात आखडतात, तासभर किंवा त्याहून जास्त वेळ मोकळे होत नाहीत, आणि हालचाल सुरू झाली की सैल पडतात. आपण याला संधिवात किंवा आमवात म्हणतो, डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात.

हा आजार होतो कशाने? ओल्याने? वाताच्या खाण्याने? कुणाच्या करणीने? यांपैकी कशानेही नाही. पावसाळी हवेत दुखणे जास्त जाणवते असे अनेक रुग्ण सांगतात, पण ओल हे मूळ नव्हे. मूळ आपल्याच रक्तात आहे.

शेताला कुंपण असते तशी शरीराला रोगप्रतिकारशक्ती असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना ओळखून मारतात. त्यांतल्या टी-पेशी नावाच्या पेशींची शाळा छातीच्या हाडामागे, थायमस ग्रंथीत भरते. जी पेशी आपल्याच शरीरावर उठेल असे दिसते, तिला बहुधा तिथेच नष्ट केले जाते. तरी काही निसटतात. त्यांना आवरायला शरीरात आणखी वेगळ्या पेशी असतात, म्हणजे पहारेकऱ्यांवर पहारा करणारे पहारेकरी. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. पुढे अमेरिकेतील मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्याशी निगडित जनुक शोधले. या कामासाठी तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा दुहेरी पहारा ढिला पडला की कुंपणच शेत खाऊ लागते. ऱ्हुमॅटॉइडमध्ये पांढऱ्या पेशी सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडतात. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड पोखरते. दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात पहाटे सर्वांत जास्त असतात, म्हणूनच सकाळी मूठ मिटत नाही. हे स्त्रियांना पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट अधिक होते. घराण्यात कुणाला असेल तर धोका थोडा वाढतो, आणि विडी-सिगारेटच्या धुराने तो वाढतो हे सिद्ध झाले आहे.

कुणी म्हणेल, असे रुग्ण किती असणार? आपल्याच पुणे जिल्ह्यात, भिगवणला, डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. शंभरात सुमारे अठरा जणांना हाडा-सांध्याचे काही ना काही दुखणे होते. ऱ्हुमॅटॉइड मात्र साधारण दोनशेत एकाला. हा हिशोब धरला तर दोन हजार प्रौढांच्या गावात असे दहा जण निघतील. त्या दहांपैकी कितीजणी "आळशी" ठरून गप्प बसल्या असतील?

आता पुड्यांविषयी. आमच्या या भगिनीने एकाकडून बिननावाच्या पुड्या आणल्या होत्या. तीन दिवसांत आराम पडला, सगळ्यांनी वाहवा केली. चार महिन्यांत तिचा चेहरा गोल फुगला आणि पुडी चुकली की दुखणे दुप्पट होऊ लागले. अशा पुडीत बहुधा स्टेरॉइड असते. स्टेरॉइड वाईट औषध नव्हे. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांनी ऱ्हुमॅटॉइडने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन दिले, आणि काही दिवसांत ती हिंडू-फिरू लागली. १९५० मध्ये त्यांना दोन सहकारी संशोधकांसह नोबेल मिळाले. पण त्याचे दुष्परिणामही लवकरच दिसले. हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग सहज होतो. म्हणून डॉक्टर ते मोजून देतात आणि हळूहळू कमी करतात. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवणेही धोक्याचे. पुड्या घेत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना पुडीच नेऊन दाखवा.

तसेच, रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी टॉनिके इथे कामाची नाहीत. इथे शक्ती कमी नाही, ती चुकीच्या दिशेला गेली आहे. तिला आवरणारी औषधे आहेत. मेथोट्रेक्सेट हे त्यांतले मुख्य, आणि ते महागही नाही. मात्र या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. गरोदरपणात ती अजिबात चालत नाही. ती चालू असताना रक्ततपासणी वेळोवेळी करावी लागते. आजार मुळापासून जाईलच असे नाही, पण पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होणे पुष्कळदा टळते. एकदा पोखरलेले हाड मात्र परत येत नाही.

तेव्हा बोटांचे, मनगटाचे सांधे सहा आठवड्यांहून अधिक सुजलेले असतील आणि सकाळी तासभर आखडत असतील, तर लावणी उरकायची वाट पाहू नका. पुण्याची लोकल धरा. ससून स्टेशनपासून जवळच आहे. आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आजार नाही असे समजू नये, काही रुग्णांत तो निगेटिव्हच असतो.

त्या घरी आम्ही माघात पुन्हा गेलो. सुनेचे उपचार सुरू होऊन पाच-सहा महिने झाले होते. बोटांची सूज उतरली होती. एक बोट थोडे वाकडे राहिले आहे, ते तसेच राहील. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी पेन्सिलीची फुली होती. कसली म्हणून विचारले, तर सासूबाई म्हणाल्या, "गोळीचा वार. तिच्या ध्यानात न्हाई राहिला तर म्या आठवण देते."

मग त्या उठून भाकऱ्या थापायला बसल्या. सकाळचे आठ वाजले होते. सुनेला त्यांनी म्हटले, "तू बस गं. हात मोकळे होऊ दे आधी."