मधलं नाव कुणाचं?

या अंकाची तयारी चालू असताना सोलापूरच्या पूर्व भागातली एक विडी कामगार मैत्रीण आमच्याकडे आली. कडेवर चार महिन्यांची मुलगी. नवरा गरोदरपणातच घर सोडून गेलेला. त्याने दुसरीकडे संसार मांडल्याचं तिच्या कानावर आलं होतं. मुलीच्या जन्माची नोंद दवाखान्यातून झाली होती, पण नावाची जागा कोरीच होती. पहिलं नाव तिने केव्हाच ठरवलं होतं, अडलं होतं ते मधल्या नावाशी. ती म्हणाली, "ताई, जो एकदासुद्धा तोंड बघायला आला नाही, त्याचं नाव माझ्या लेकीनं जन्मभर का लावायचं?"

आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून या वेळचं संपादकीय तिच्या प्रश्नावर.

मुलगी झाली की आपल्याकडे नावांची पुस्तकं उघडली जातात. आत्या, काकू, शेजारणी नावं सुचवतात. प्रत्येक नाव बापाच्या नावाला शोभतं का, आडनावाशी जुळतं का, हे मोठ्याने म्हणून पाहिलं जातं. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे बापाच्याच घरचा. नऊ महिने पोटात वाढवलेल्या आईचं नाव लेकीच्या नावाशेजारी कसं वाटेल, हे म्हणून बघावं असं कुणाच्या मनातही येत नाही. पहिल्या नावावर एवढी चर्चा आणि मधल्यावर एक शब्दही नाही, कारण ते आधीच ठरलेलं असतं.

ही रीत सगळीकडे अशीच आहे असंही नाही. आपल्याच शहरातल्या तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी आणि माणसाचं नंतर लागतं. शाळेच्या दाखल्यावर मात्र त्यांनाही आपल्या मराठी साच्यात बसावं लागतं. आणि ज्या सातवाहन राजांचा महाराष्ट्राला अभिमान, त्यांची नावं काय होती? गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईच्या नावाने ओळखले जाणारे हे राजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी याच भूमीत होऊन गेले. गौतमी बलश्रीचा शिलालेख आजही नाशिकच्या लेण्यांत आहे. त्या काळी बायकांचं राज्य होतं असा याचा अर्थ नाही. गादी मुलाकडेच जात होती. पण आईचं नाव लावल्याने कुळ बुडत नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

मुलाचं मधलं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच राहतं. मुलीचं मात्र लग्नाच्या दिवशी बदलतं. काही घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने पहिलं नावसुद्धा नवं लिहिलं जातं. मग शाळेचा दाखला एका नावाचा, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं आणि बँकेचं पासबुक तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला तिने प्रतिज्ञापत्रं करायची आणि रोजगार बुडवून खेपा घालायच्या. ज्याने टाकलं, त्याचंच नाव सांगितल्याशिवाय तिची ओळख पटत नाही.

कायदा हळूहळू का होईना, सरकला आहे. 1999 साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाप हयात असला तरी तो मुलाची काळजी घेत नसेल, तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते. 2015 साली त्याच न्यायालयाने अविवाहित आईला बापाचं नाव उघड न करता मुलाच्या जन्माचा दाखला मिळाला पाहिजे, असा निकाल दिला. 2016 च्या अखेरीस पासपोर्टसाठी आई किंवा बाप, कुणा एकाचं नाव पुरेसं ठरलं. 2018 मध्ये पॅनकार्डाच्या अर्जात एकट्या आईच्या मुलांना बापाच्या नावाची सक्ती राहिली नाही.

आणि मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवलं, की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची. शाळेच्या कागदांवर आईच्या नावाचा वेगळा रकाना पूर्वीपासून आहे, पण बाजूच्या रकान्यात असणं वेगळं आणि नावातच असणं वेगळं. या निर्णयाचं आम्ही मनापासून स्वागत करतो. अनेक जणींनी अनेक वर्षं मागणी केली, स्वतःच्या नावापुढे आईचं नाव लावून टोमणे सोसले, तेव्हा हे झालं.

पण समाधान मानून थांबता येणार नाही. याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही चालत आलेली पद्धत कायम ठेवली आहे. मालमत्तेच्या दस्तात लग्नाआधीचं नाव लावण्याची मुभा तेवढी मिळाली. म्हणजे लेकीच्या नावात आई जन्मापासून आली खरी, पण लग्नानंतर ती तिथे टिकेल का? आणि आमच्या मैत्रिणीसारख्या टाकलेल्या, एकट्या आईला वाटलं, तर मुलीच्या नावात फक्त आईचंच नाव लावता आलं पाहिजे. तसा स्वच्छ शब्द शासनाने नियमात घालावा, अशी आमची मागणी आहे.

आता त्या मैत्रिणीला आम्ही काय सांगितलं ते लिहितो, कारण तुमच्यापैकी कुणालाही हे सांगायची वेळ येऊ शकते. रागाच्या भरात ती म्हणत होती, "बापाचं नाव कुठंच नको, नोंदीतसुद्धा नको." आम्ही तिला थांबवलं. जन्माच्या नोंदीत बापाचा रकाना असतो, तो त्याच्या मानासाठी नाही. उद्या मुलीसाठी पोटगी मागायची झाली किंवा बापाच्या मिळकतीत हिस्सा मागायचा झाला, तर हाच कागद कामाला येतो. पूर्वी पोटगीचं कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत ते 144 झालं आहे. त्या रकान्यातलं नाव खोडलं तर सुटका त्याची होते, आपली नव्हे. म्हणून तिला म्हटलं, "रकान्यात त्याची जबाबदारी राहू दे. लेकीच्या नावात तुझा अधिकार येऊ दे."

तिने खूप वेळ विचार केला. मग विचारलं, "म्हणजे आधी माझं नाव येणार?" हो, आधी तुझंच. तिने मुलीचं नाव आणि लगेच स्वतःचं नाव असं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचं नाव दुसऱ्या कुणाच्या नावाला जोडून म्हणत होती. "बरं वाटतंय की कानाला," ती म्हणाली. त्यापुढे बापाचं नाव ती अजून म्हणत नाही. जन्मनोंदीत मुलाचं नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तिच्या हातात अजून आठ महिने आहेत. आम्ही तिला घाई केलेली नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी, वस्तीत, कारखान्यात कुणाला मुलगी झाली असेल, तर बारशाला जाताना हा विषय सोबत घेऊन जा. लेकीच्या नावापुढे आईचं नाव लावून सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने म्हणा. सासूबाई नाक मुरडतील, कुणी हसेल, कुणी गप्प बसून ऐकेल. काय घडलं ते आम्हाला लिहून कळवा. आणि हे वाचून झालं, की आधी आपलं स्वतःचं नाव आपल्या आईच्या नावासकट एकदा म्हणून पाहा.