वर्षातला सर्वोत्तम चित्रपट कोणता? वाद जरूर घाला, पण आधी चित्रपट बघा!



डिसेंबर आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'यंदाचे सर्वोत्तम दहा चित्रपट' अशा याद्या फिरायला लागतात. त्याच सुमारास वर्गात 'मला आवडलेला चित्रपट' हा निबंध होतो. मुलं काय लिहितात ते तुम्हाला पाठच असेल. या चित्रपटातील गाणी कर्णमधुर आहेत, कलाकारांचा अभिनय उत्तम आहे, या चित्रपटातून चांगला संदेश मिळतो. चित्रपटाचं नाव खोडून दुसरं कुठलंही घाला, निबंध तस्साच चालतो. आणि खरं सांगू का, मोठ्यांच्या याद्यांमध्येही फार वेगळं काही नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'सर्वोत्तम' म्हणण्याआधी विचारावं, कोणत्या वर्षातला? आणि तो बघून कोणी ठरवला?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र कोणत्या वर्षी मिळालं ते धरतात. तो थिएटरला कधी लागला हे बघत नाहीत. त्यामुळे गंमत होते. 'सैराट' आपण सगळ्यांनी 2016 च्या मे महिन्याच्या सुट्टीत पाहिला, पण त्यातल्या भूमिकेसाठी रिंकू राजगुरूचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला तो 2015 सालच्या यादीत. म्हणजे गावातल्या पोरांनी 'आर्ची' हे नाव ऐकण्याआधीच परीक्षकांचं काम उरकलं होतं! 'किल्ला' आणि 'कोर्ट' यांचंही तेच. दोन्ही 2014 च्या यादीतले, आणि आपल्याकडे थिएटरला लागले 2015 साली.

या 2014 सालावर जरा थांबू या. मराठीसाठी असं वर्ष क्वचित येतं. देशातला सर्वोत्तम चित्रपट ठरला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. सर्वोत्तम मराठी चित्रपट अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. आणि सर्वोत्तम बालचित्रपट परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी', तोही 'काक्का मुट्टै' या तमिळ चित्रपटासोबत विभागून. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा सातवीतल्या एका मुलाने लगेच हात वर केला. "मॅडम, कोर्ट जर देशात पहिला आला, तर मराठीत पहिला दुसराच कसा?"

आहे की नाही बिनतोड प्रश्न! 'कोर्ट'मध्ये हिंदी, गुजराती, इंग्रजीही आहे, पण आपण त्याला मराठी चित्रपट म्हणूनच ओळखतो. मग मी मुलांना मागची उदाहरणं दिली. 'श्वास' देशात पहिला आला त्या वर्षी मराठीचा पुरस्कार 'नॉट ओन्ली मिसेस राऊत'ला मिळाला. 'देऊळ'च्या वर्षी 'शाळा'ला, 'कासव'च्या वर्षी 'दशक्रिया'ला. म्हणजे मोठं बक्षीस एकाला मिळालं की भाषेचं दुसऱ्याला, अशी ही वाटणी दिसते. त्यावर तो मुलगा म्हणाला, "म्हणजे तो मराठीत दुसरा आला." मला यावर उत्तर देता आलं असतं, पण दिलं नाही. त्याचा हिशोब चुकीचा नव्हता.

'कोर्ट'वरून आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत डबे खाताना चांगलीच जुंपली होती. एक सर म्हणाले, "यात काय आहे? कॅमेरा जागचा हलत नाही, तारखेवर तारीख पडते, आणि संपताना जज साहेब झोपलेले!" मी म्हटलं, सर, तुम्ही बांधाच्या केससाठी तालुक्याला किती वर्षं हेलपाटे घालताय? ते हसले. एका गटार कामगाराच्या मृत्यूचा ठपका एका म्हाताऱ्या शाहिरावर ठेवतात, तेही त्याच्या गाण्यावरून, आणि मग तारखा सुरू होतात. कंटाळा हाच त्या चित्रपटाचा विषय आहे. सरकारी वकील बाई कोर्टातून निघतात, लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. त्या काही दुष्ट नाहीत, आपल्यासारख्याच नोकरदार आहेत. म्हणून तर जास्त भीती वाटते. सरांना तरी तो आवडला नाहीच, आणि ते ठीक आहे. त्यांनी पूर्ण बघून नावं ठेवली. बाकी तीन जणांनी न बघताच "बोअर आहे म्हणतात" असं मत दिलं. त्यांचं मत मी मोजत नाही.

आता दुसरा प्रश्न, कोणी ठरवला? राष्ट्रीय पुरस्कारांची समिती दरवर्षी बदलते, त्यात जाणकार माणसं असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बालचित्रपटाचा निकालही मोठी माणसंच देतात, हे मला खटकतं. 'किल्ला'ला 2014 च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या विभागात 'क्रिस्टल बेअर' मिळालं. ते बक्षीस देणारे परीक्षक अकरा ते चौदा वर्षांची मुलं असतात, बरं का! ज्यांनी कोकण कधी पाहिलं नसेल, मराठी कानावर पडली नसेल, त्या मुलांनी आपला चित्रपट निवडला. आणि आपल्या जिल्हा परिषद शाळांतल्या किती मुलांनी तो पाहिलाय? तालुक्याला थिएटर एक, तिथे मोठ्या हिरोचा पिक्चर आला की लहान चित्रपटाचा खेळ जातो दुपारी बाराला. बारा वाजता मुलं शाळेत असतात.

म्हणून गेल्या वर्षी दोन आनंददायी शनिवारी मी प्रोजेक्टर लावून 'एलिझाबेथ एकादशी' आणि 'किल्ला' दाखवले आणि मग मतदान ठेवलं. अट एकच होती. 'मस्त', 'भारी', 'संदेश' हे शब्द वापरायचे नाहीत, एक प्रसंग सांगायचा आणि त्यावरून भांडायचं.

'एलिझाबेथ'ची बाजू जोरदार होती. पंढरपूर, कार्तिकीची गर्दी, आईचं स्वेटरचं मशीन बँकेने नेलेलं, वडिलांनी बनवलेली सायकल विकायची पाळी, आणि ती वाचवायला पोरांनी वारीच्या गर्दीत मांडलेलं बांगड्यांचं दुकान. आमच्या गावच्या जत्रेत दुकान लावणाऱ्या घरची दोन मुलं वर्गात आहेत. एकजण म्हणाला, "गिऱ्हाईक कसं बोलवायचं ते त्यांनी खरं दाखवलंय." गण्याच्या शिव्यांवरून मुलींनी आक्षेप घेतला, त्यावर मुलं म्हणाली की शिव्या न देणारा गण्या खोटा वाटला असता. अर्धा तास असाच गेला, आणि मूल्यमापनाच्या कुठल्याही तक्त्यात बसणार नाही एवढं बोलणं झालं.

'किल्ला'च्या वाट्याला सुरुवातीला कोणीच येईना. "त्यात काही होतच नाही" हा मुख्य आरोप. वडील गेलेला चिन्मय, आईची पुण्याहून कोकणात बदली, नवी शाळा, पाऊस. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. आमची शाळा साखर कारखान्याजवळ आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा त्यांची मुलं आमच्या पटावर येतात आणि गाळप संपलं की जातात. ही त्यातलीच. ती म्हणाली, "ते किल्ल्यावर त्याला एकट्याला सोडून जातात ना, पावसात. नंतर ते बोलायला येतात, पण हा बोलत नाही. मी पण नाही बोलत." मग थोडं थांबून, "त्यांना वाटतं आपण काहीच केलं नाही."

मतमोजणीत 'एलिझाबेथ'ला सतरा, 'किल्ला'ला पाच. त्या मुलीच्या बोलण्याआधी हात वर करायला सांगितले असते तर पाचही मिळाली नसती, अशी माझी खात्री आहे. माझं स्वतःचं मत 'किल्ला'ला आहे. त्यातलं मूल आपल्याला काही समजावून सांगत नाही, आणि मूल गप्प असलं की काय चाललेलं असतं हे मी वर्गात रोज बघते. 'एलिझाबेथ'मधली मुलं फार हुशार बोलतात, लेखकाला सुचावं तसं. माझ्या वर्गाला हे अजिबात पटलेलं नाही.

आता पुढच्या मतदानाची तयारी चालू आहे. 2023 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा कृष्णधवल 'श्यामची आई', आणि बालचित्रपट 'नाळ 2'. खरं तर त्या वर्षी आमच्या गावात ज्याला त्याला विचारलं तर 'बाईपण भारी देवा' हेच नाव आलं असतं. सानेगुरुजींच्या याच पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला 1954 साली पहिल्यावहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळालं होतं. म्हणून यावेळी जुनी आणि नवी, दोन्ही 'श्यामची आई' दाखवायचा विचार आहे, जोडीला 'नाळ 2'. आमचे मुख्याध्यापक म्हणतात जुन्यापुढे नवा टिकणार नाही. त्यांनी नवा अजून पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांचं मत राखून ठेवलंय.

मतदान डिसेंबरात घ्यायचं नाही, जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी घ्यायचं ठरवलंय. तोपर्यंत कारखान्याच्या तळावरच्या कोप्यांतली सगळी मुलं पटावर आलेली असतात.