देवाची इच्छा आणि माणसाची कसूर

आजाऱ्याच्या समाचाराला गेलेला मनुष्य पिशवीतली मोसंबी उशाशी ठेवून, तापाच्या तक्त्यावर नजर टाकून, निघता निघता जे बोलतो ते आमच्या ख्रिस्ती मंडळीत बहुधा ठरलेलेच असते : प्रभूची इच्छा. बोलणे खोटे नव्हे. अखिल सृष्टी ज्याच्या सत्तेखाली चालते त्याच्या नजरेतून एका गरीब शिक्षकाचे मूत्रपिंड तेवढे निसटले, असे मानणे श्रद्धेच्या हिशेबात बसत नाही. पण खाटेवर पडलेला हेच म्हणतो तेव्हा ती प्रार्थना असते, आणि धडधाकट पाहुणा म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो खटल्याचा निकाल असतो.

बायबलातल्या, आपत्तींनी गांजलेल्या ईयोबाचे तीन मित्र प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निमूट बसून राहिले, आणि त्यांच्या हातून घडलेले सत्कृत्य म्हणाल तर तेवढेच. पुढे त्यांनी देवाचे वकीलपत्र आपणहून घेतले. वावटळीतून आलेले देवाचे खडे बोल ईयोबालाही ऐकावे लागले हे खरे. तथापि ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप झाला तो या बिनबोलावल्या वकिलांवर.

देवाची इच्छा मानूनही माणसाची कसूर न झाकण्याच्या बाबतीत पंडिता रमाबाईंइतका खात्रीचा दाखला मला दुसरा दिसत नाही. आईबाप व थोरली बहीण दुष्काळाच्या उपासमारीत गेली, भाऊ 1880 साली गेला, आणि विवाहाला पुरती दोन वर्षेही झाली नसताना 1882 साली पती पटकीने गेले. एवढे सोसून जिने पुढे येशूच्या चरणी संपूर्ण समर्पण केले, तिला परमेश्वराच्या सार्वभौम सत्तेविषयी कोणी शिकवावे असे काही उरले नव्हते. तीच बाई 1897 साली, पुण्यात प्लेगचा अंमल कडक झाला असता, प्लेगच्या इस्पितळात आपल्या आश्रमातल्या मुलींची कशी आबाळ झाली ते मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रातून उघड लिहिते, आणि सरकारदरबारी ती तक्रार विपर्यस्त ठरवली गेली तरी डगमगत नाही. प्लेग कोणी धाडला हा प्रश्न तिने देवावर सोपवला असेल. इस्पितळाचा बंदोबस्त कोणाचा, हा प्रश्न मात्र तिने अंमलदारांच्याच दप्तरी दाखल केला. या दोन खात्यांची सरमिसळ न करणे, हीच मला तिच्या श्रद्धेची खरी कसोटी वाटते. कारण देवाच्या नावावर माणसाची कसूर जमा करणे हे भक्तीपेक्षा निंदेच्याच अधिक जवळ जाते.

1921 च्या जुलैत तिची एकुलती कन्या मनोरमा चाळिसाव्या वर्षी वारली. रमाबाई स्वतः थकलेल्या, कानांनी जवळजवळ गेलेल्या. तरी केडगावात, आपल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी 1922 च्या एप्रिलात देह ठेवीपर्यंत सोडले नाही. मुलगी का गेली याचा उलगडा त्यांनी जगाला करून दिला नाही, आणि तो मागण्याचा अधिकार जगालाही नव्हता.

गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष प्रभूनेही दुःखाचा प्याला टळावा अशी आधी विनंती केली होती, आणि स्वीकार नंतर. मग आमच्या मंडळीतील एखाद्या विधवेने ‘माझा मुलगा बरा कर’ असे हट्टाने मागितले, तर पाळकांनी तिला समर्पणाचा धडा इतक्या घाईने का द्यावा? उपासनेनंतर इस्पितळाकडे निघालेल्या वडीलजनांनी त्यापेक्षा रात्री उशाशी कोण बसते, औषधांची उधारी किती थकली आणि वॉर्डातला डॉक्टर नीट बोलतो की नाही, याची चौकशी करावी. आणि डॉक्टर बोलत नसेल, तर थेट वरिष्ठांकडे तक्रार गुदरावी.